कोणत्या गाढवानं

केमिजार्वी. एप्रिल आला, तरी तळं गोठलेलंच.
शेडमध्ये ऑस्मो टाकी उतरवून बसलाय,
गुडघ्यांखाली गोणपाट.
डाव्या सिलिंडरला ठिणगी नाही.

वायर चाचपत हात मागे मागे जातो
आणि सीटखाली सापडतो जोड:
निळीला पिवळी पिळलेली,
वर चिकटपट्टी नाही,
जखमेवर लावायची पट्टी.

"कोणत्या गाढवानं केलंय हे?"

चाळीस वर्षांत मालक एकच.

नार्विकच्या अलीकडचा घाट. आडवा पाऊस.
आउनेच्या दातांत टॉर्च,
म्हणून तिला हसता येईना,
नुसती गदगदत होती
आणि उजेड सगळीकडे, वायर सोडून.

तो जोड कापतो. सोल्डर करतो,
रंगाला रंग.
पट्टी आतून अजून चिकट.

बटण दाबतो. दोन्ही सिलिंडर बोलू लागतात.
"आउने," तो घराकडे ओरडतो,
"गाढव सापडलं!"