तीन नंबरची बाटली

सकाळी सहा चाळीसची सुकती.
तळवलीच्या धक्क्यावर जोमा नाखवा
रंगाच्या रिकाम्या डब्यानं होडीतलं पाणी उपसतोय
आणि मी बाटल्या मोजते आहे:
पाच, काचेच्या, घट्ट बुचाच्या,
प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेला आकडा.

साहेब म्हणाले होते, भरतीला जात जा ना मॅडम,
चिखल लागत नाही, होडीही सरळ जाते.
आकडे बरे येतात, एवढं बोलायचं त्यांनी टाळलं.

बाटली पाण्याखाली तिरकी धरायची,
आतल्या आत बूच लावायचं.
एक बुडबुडा अडकला तरी बाटली खोटं बोलते.
मग दोन औषधं, थेंब थेंब, तळाशी सोडून
उलटसुलट हलवायची.
पाण्यात प्राणवायू असला तर गाळ तपकिरी होतो,
उकळून गार झालेल्या चहासारखा.
नसला तर पांढरा राहतो.
जोमाला हे तिसऱ्या फेरीपासून पाठ आहे,
तरी दर वेळी वल्हं थांबवून बघतो.

एक नंबर, तिवरांच्या कडेला: तपकिरी.
दोन: फिकट, पण तपकिरी.
तीन नंबर नाल्याच्या तोंडाशी.
वर रबाळ्याच्या शेडांमागे
कुणीतरी रात्रपाळीत काहीतरी सोडलेलं,
पाण्यावर जांभळट तवंग, नाकात गोडसर जळका वास.
मी बाटली हलवली. थांबलो दोघं.

"दुधासारका झाला गो," जोमा म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
"हितंच माजी आय खुबं काराची.
टोपली भरली का पदरान बी घ्याची."
मी वहीत लिहिलं: शून्य.
पेन चालेना, बोटं ओली होती,
शून्य दोनदा गिरवावं लागलं.

केतकी सात वर्षांची आहे.
ऐरोलीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या लावून झोपते.
हिवाळ्यात पहाटे तिची छाती
दार नीट न बसणाऱ्या कपाटासारखी वाजते.
तिच्याकडे एक प्लॅस्टिकची नळी आहे,
फुंकलं की लाल काटा सरकतो.
तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा,
डॉक्टरांनी तसंच सांगितलंय.
काल एकशेतीस, एकशेदहा, एकशेचाळीस.
"आई, एकशेचाळीस लिही!"
लिहिला.
तिच्या वहीच्या कडेला तिनं मासे काढलेत,
सगळे हसणारे, सगळ्यांना पापण्या.

खाडीलाही तीनदा फुंकायला सांगावं का,
असं चार नंबरला जाताना डोक्यात आलं
आणि मला माझाच राग आला.

परतताना होडी गाळात रुतली.
जोमा खाली उतरला, मांडीपर्यंत काळा.
मी तशीच बसून तिवरांकडे पाहत राहिले.
त्यांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली,
शेकडो, बोटांएवढी, ओली.
खाली हवा नसते म्हणून झाडानं नाक वर काढलंय,
हे शाळेत मी परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिलं होतं.
एका मुळाला गुटख्याची पुडी अडकली होती.
तिच्याशेजारी एक निवटी
डोळे वर काढून आमच्याकडे बघत होती,
मग उडी मारून भोकात गेली.

प्रयोगशाळेत दुपारी
एक नंबरच्या पाण्यात आम्ल, मग वरून हायपोचे थेंब,
पिवळं फिकं होत आलं की स्टार्च: निळं.
पुन्हा थेंब. निळं जातं, एकदम,
कुणी दिवा मालवावा तसं.
तो क्षण मला अजूनही आवडतो. एकवीस वर्षं झाली.
तीन नंबरला निळं आलंच नाही.

साहेबांनी तक्ता पाहिला, चष्मा पुसला.
"एकदा परत घ्या. भरतीला."
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
वेळ ६.४०, सुकती, नमुना योग्य.
त्याखाली सही, पूर्ण नावाची,
नेहमीसारखी गिचमिड न करता.

संध्याकाळी बाटल्या धुतल्या.
तीन नंबरच्या काचेला आतून एक कड चिकटून होती,
ब्रशनं गेली नाही.
जोमाचा फोन आला, उद्याच्या पाण्याची वेळ सांगायला.
"साडेसात. आन पोरगीला बरा हाय?"
हो म्हणाले.
आतून नळीत फुंकल्याचा आवाज आला,
मग दुसरा.
तिसऱ्याची वाट बघत मी नळ बंद केला.