पाच आणि सहाच्या मधलं

थाळनेरच्या किल्ल्यावर मी पाणी राखतो.
घंगाळभर पाणी, त्यात तांब्याची वाटी,
वाटीच्या बुडाला केसाएवढं भोक.
वाटी भरते, बुडते, मी काशाच्या थाळीवर टोल देतो
आणि खाली गाव म्हणतं, इतकी रात्र झाली.

भाद्रपदातली अवस होती. आभाळ झाकलेलं,
मला खोटं पाडायला एक तारा नव्हता.
पाचव्या टोलाला माणकसा सराफाचा गडी
मालकाच्या उशाशी पाणी ठेवून निघाला,
पाठीमागे कडी लागल्याचं त्याने ऐकलं.
सहाव्या टोलाला तोच विसरलेली घोंगडी न्यायला परतला.
दार उघडं. दिवा जळत होता.
तराजूचं एक पारडं रक्ताने खाली गेलेलं.

कोतवाल हुशार. त्याने गाव बोटांवर मोजलं.
लखमसी रंगारी? त्याचे टंके दाताखाली धरून
सराफ भर पेठेत म्हणाला होता, शिसं.
पण पाचव्या टोलाला लखमसी देवळात, कीर्तनात,
तीस माणसांनी पाहिलेला.
सहाव्या टोलाला तापीत, नावेत.
नावाड्याने नदीत उभं राहून शपथ घेतली.
देवळातून सराफाकडे, तिथून घाटावर,
कोतवालाने शिपाई पळवून पाहिला.
दोन घटका लागल्या, वर शिपायाला धाप.
एका घटकेत हे होत नाही.

मग उरला दित्या भिल्ल, पेठेचा रखवालदार.
प्रेत त्याने उचललं होतं, कोपरापर्यंत लाल.
"पडेल माणूस उचलाना नही?" एवढंच तो बोलला.

सराफाच्या नखांत मी निळी रेघ पाहिली होती.
कोतवाल म्हणाला, या गावात कुत्र्यांचे पायही निळे.
खरं आहे ते, नीळ धुतलेला ओहोळ पेठेतूनच जातो.
पण दित्याचे हात मी नीट पाहिले,
लाल सुकून काळे पडलेले,
निळं कुठेच नव्हतं.
बुरुजावरून त्याला लोटला तेव्हा
दिवसाचा तिसरा टोल पडत होता. मीच दिला.

आता कोतवालाने जे विचारलं नाही ते.
त्या संध्याकाळी वर एक द्रोण आला होता,
नवसाची खीर, वर खसखस दाट.
कुणाचा नवस, ते आणणाऱ्या पोराला सांगता येईना.
पोराचे तळवे निळे होते.
मी अर्धी खाल्ली. पाचवा टोल दिला. वाटी पाण्यावर सोडली.

डोळे उघडले तेव्हा वाटी तळाशी,
पाणी असं निवांत की जणू काही बुडालंच नाही.
किती वेळ झाला? पाण्याला विचारलं.
एका घटकेची बुडालेली वाटी
आणि तीन घटकांची,
दिसायला सारखीच.
मी सहा दिले.

उरलेली खीर मांजरीने चाटली,
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती हलली नाही.
तिच्याजवळ बसून मला सगळं कळलं.
कळलं, तिथेच जीभ जड झाली.
पहाऱ्यावर झोपतो त्याचे हात तोडतात,
आणि हात गेले तर टोल कोण देणार?
हे कारण मला तेव्हा पुरलं.

लखमसी आता शेट आहे.
दसऱ्याला पागोटं पाठवतो, गर्द निळं. मी बांधतो.
एकदा घाटावर भेटला, म्हणाला,
"तुमची घटका लांब असते हो,"
आणि नावेत बसला.

दित्याची बायको झुनकी मोळी घेऊन किल्ला चढते.
मोळी टाकते, घाम पुसते, दर खेपेला तेच विचारते,
"दादा, त्या रातले तू जागा व्हता ना?"
मी मोगरी उचलून म्हणतो, थांब, घटका भरते आहे.
ती थांबते. मग टोल मोजत पायऱ्या उतरते.

काल मी सहा दिले.
ती मोठ्याने आठ मोजत गेली.