उचकी

लामारा म्हणाली, उचकी लागलीय तिला.
लाल दिव्याला उभी राहिली की लागते,
चढावर तर बोलायलाच नको.
मी म्हटलं, कोणीतरी आठवण काढत असेल.
ती हसली नाही.
अठ्ठावीसशे लारी मोजले होते तिने,
पोलादाच्या कारखान्यात दुसऱ्यांचे हिशेब लिहून
स्वतःच्या हिशेबात उरवलेले.

ओपेल. सत्त्याण्णवची.
जर्मनीत दोन मालक, मग जहाज, मग रुस्तावीचा बाजार,
जिथे मैदानभर गाड्या काचेवर किंमत लावून उभ्या असतात
आणि विकणारा शपथेवर सांगतो,
एका म्हाताऱ्या बाईने चालवलीय, फक्त चर्चला जायला.
(सगळ्याच गाड्या त्याच बाईच्या.)

बॉनेट उघडलं.
इंजिन एक, तीन, चार, दोन असं मोजतं.
शाळेत असं मोजलं तर छडी बसेल,
पण त्याला तेच शिकवलेलं असतं.
आता मोजताना एक आकडा गिळत होतं.
लामारा रविवारी चर्चच्या गायनात खालचा सूर धरते.
कान देऊन म्हणाली, दुसरा गात नाहीये.
म्हटलं, बघू.

रबरी मोजा चढवून एकेक वायर उपटली.
पहिली काढली, इंजिन गळाठलं.
चौथी काढली, गळाठलं.
दुसरी काढली, तर मरायलाच टेकलं.
तिसरी काढली.
काही नाही.
पंगतीतून एक माणूस उठून जावं
आणि वाढणाऱ्यालाही कळू नये, तसं.

मग तिसरा, लामारा म्हणाली,
जणू आधीपासून तेच म्हणत होती.

तिसऱ्याचा प्लग ओला, काळा, पेट्रोलने वास मारणारा.
दुसऱ्याशी त्याची अदलाबदल केली.
दोष प्लगमध्ये असता
तर बिऱ्हाड घेऊन त्याच्यामागे गेला असता.
गेला नाही. तिसऱ्यातच ठाण मांडून बसला.
हे मला गुराम उस्तादने शिकवलं:
नवा भाग विकत घ्यायच्या आधी
दोषाला थोडं चालवून बघ.
स्वतःच्या खोकल्याला मात्र तो
शेवटपर्यंत हवा बदलली असंच म्हणत राहिला.

अंधार पडल्यावर शटर ओढलं, दिवा मालवला.
आता काय दिसणार, लामारा म्हणाली.
बायको इस्त्रीला वापरते ती फवाऱ्याची बाटली घेऊन
वायरींवर पाणी उडवलं. अगदी बारीक,
दहिवर पडल्याइतकं.
आणि तिसऱ्या वायरीच्या कोपरावरून
एक निळी ठिणगी टुणकन लोखंडावर उतरली.
पुन्हा. पुन्हा.
कामावर निघालेला माणूस
रोज वाटेतल्या गुत्त्यातच उतरावा तशी.
लामारा काही बोलली नाही.
बराच वेळ आम्ही दोघं नुसतं बघत राहिलो.

दिवा लावला तर त्याच जागी जुनी चिकटपट्टी.
तीन वेढे. टोक दुमडून ठेवलेलं,
पुढच्या माणसाला नखाने सोडवता यावं म्हणून.
कुठल्या गावचा, कुठल्या थंडीत,
आणि मोडकी गाडी विकायचीच होती
तर टोक कशाला दुमडत बसला?
हाच का तो आठवण काढणारा, लामाराने विचारलं.
या वेळी मी हसलो नाही.

चारही वायरी नव्या घातल्या.
निघता निघता दाबही मोजला:
बारा, साडेबारा, नऊ, बारा.
तिसऱ्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, म्हटलं. वायरीचा दोष नव्हे हा.
किती दिवस?
एक हिवाळा. फार तर दोन.
तिने नोटा मोजून दिल्या, मग परत घेऊन पुन्हा मोजल्या.
मलाही तेवढंच सांगितलंय डॉक्टरने, म्हणाली,
म्हणजे बरोबरीनेच जाऊ.
थट्टा होती की काय, कळलं नाही.

चौकातला दिवा लाल झाला. ती थांबली.
मी हात पुसायचा थांबलो.
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
एक,
कोणाचं तरी कुत्रं भुंकलं,
आणि दिवा हिरवा झाला.