पळासनेरला गाडी उभी

सावद्याला गाडी भरली तेव्हा ऊन कलतं होतं.
पंधरा टन केळी, हिरवीगार, देठांना चीक अजून ओला;
भरणाऱ्यांच्या बनियनवर त्याचे तपकिरी डाग,
साबणाला कधीच न जुमानणारे.
आझादपूर मंडी. तिसऱ्या पहाटे पोचायचं.

मी त्याच सकाळी कोट्याहून फरशी घेऊन आलेलो.
घरी जाऊन आंघोळ केली, कळण्याची भाकरी खाल्ली,
नजमानं कॅलेंडर दाखवलं:
मी घरी असलेल्या दिवसांना ती गोल करते.
त्या महिन्यात चार गोल.
पाचवा अर्धा काढून ठेवला होता.

यावल, अडावद, चोपडा.
अनेरच्या पुलावर खिडकी उघडून तोंडावर वारा घेतला.
शिरपूरला डोळ्यांवर पाणी मारलं.
मग आग्रा रोड, आणि समोर सातपुडा,
अंधारापेक्षाही काळा.

पळासनेरच्या अलीकडे रस्त्यात बैल दिसला.
कचकन ब्रेक मारला.
बैल नव्हता.

गुलाब उस्तादांच्या काळात झोपेला औषधं होती:
दाढेत तंबाखू, कडक चहा,
फारच झालं तर डोळ्याला मिरचीचं बोट.
‘झोपणाऱ्याची गाडी मालक दुसऱ्याला देतो’, ते म्हणायचे.
बिजासनच्या उतारावर ते गेले तेव्हा
मला दरीत उतरवलं ओळख पटवायला.
मी चप्पल ओळखली.
अंगठा मीच शिवून दिला होता, निळ्या दोऱ्यानं.

एक वाजून वीस मिनिटं.
ऑफिसच्या शैलाताई फिरक्यांना फोन लावला.
लावता लावता तीन कारणं तयार केली:
टायर, चेकपोस्ट, घाटात जाम.
दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.
‘जागीच आहे, बोल.’
आणि तोंडातून भलतंच निघालं:
‘ताई, जमत नाहीये.’

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या, ‘उखर्डूच्या ढाब्यावर लाव.
हँडब्रेक ओढ, चाकाला दगड दे, आणि झोप.
व्यापाऱ्याशी मी बोलते.’
‘पण ताई, केळी—’
‘केळी पिकायसाठीच असतात, भो.
तुला एवढ्यात पिकून गळायचं नाहीये.’

मी दगड शोधला. मोबाइलच्या उजेडात,
चांगला चपटा, एका बाजूनं उतरता.
मागच्या चाकाखाली सारला
आणि केबिनमध्ये असा झोपलो
की घाट, मंडी, फरशी, कोणी कोणी आलं नाही स्वप्नात.

सहाला दारावर काठी वाजली.
‘उठा जुम्माभो, बाईंचा निरोप होता, सहाला उठव म्हणून.’
उखर्डूनं चहा दिला, पैसे घेतले नाहीत.
सातपुडा आता हिरवा होता. साधाच डोंगर.

मंडीत नगाला नग मोजून व्यापाऱ्यानं भाव पाडला.
साडेचार हजार गेले.
मला वाटलं, पगारातून कापणार.
पहिल्या तारखेला मी रजिस्टर उलटं करून वाचलं,
त्यांच्या टेबलाच्या पलीकडून:
डिझेल, टोल, पंक्चर, हमाली,
आणि खाली समासात, पेन्सिलीनं,
‘झोप, पाच तास’.
रक्कम मालकाच्या खात्यावर.
मालक त्यावर काय बोलले, मला ठाऊक नाही.
आता तो रकाना छापून येतो.

हल्ली माझ्यासोबत रायसिंग पावरा असतो.
बावीस वर्षांचा, लायसन्सचं प्लास्टिक अजून चकचकीत.
परवा घाट चढताना विचारलं त्यानं,
‘उस्ताद, या घाटाची मेख काय?’
मी गिअर सांगितला. वळण सांगितलं,
जिथे ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही ते.
ताईंचा नंबर त्याच्याकडून पाठ म्हणवून घेतला,
दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर.

मग सीटखालून तो दगड काढून दिला.
त्यानं हातात फिरवला, नाकाशी नेला,
हसला.
‘आमच्या गावचा आहे’, म्हणाला.