फर्माईश

साडेदहाला, कॉफीची सुट्टी संपली की
कोणीतरी ओरडतंच : ‘उजेड!’
आणि मी अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर नीट करतो.
छप्पन्न उन्हाळे. तळ्याकाठचा तोच लाकडी मांडव,
तेच डास, भाजत्या सॉसेजचा तोच धूर.
दिवे मंद करायचं काम कॅन्टीनवाल्या पोराचं,
त्याला सांगावं लागत नाही.

‘अजून थोडा उजेड आहे,’ मी म्हणतो,
आणि जोड्या जवळ सरकतात.
‘हो, आहे.’ ध्रुपदाचं दुसरं टोक तेच उचलतात,
गालाला गाल, डोळे मिटलेले.

या टँगोवर लग्नं जमली, काही मोडली,
टायरच्या दुकानवाल्या पेन्टिलाला तर यावरच पुरला.
कुओपिओत एका बाईने बाही धरून विचारलं,
कोण होती हो ती?
मी घाईत म्हणालो, हिल्का.
माझ्या बायकोचं नाव रौनी.
ती गाडीत बसली होती. काच खाली होती.
नव्वद किलोमीटर आम्ही वायपरचा आवाज ऐकत आलो.

तिलाही मग सांगायचं राहिलंच.
काय सांगणार, की ती म्हणजे माझा बाप होता?

नोव्हेंबर. दुपारचे चार, म्हणजे मिट्ट काळोख.
अंगणात बर्चची लाकडं पसरलेली,
हवेला बर्फाच्या आदल्या रात्रीचा वास.
मी अकरा वर्षांचा, बोटं लाकडाहून लाकूड.
बाबा एकेक ओंडका हातात फिरवून,
सालीची बाजू चाचपून, एकावर एक लावत होते.
मी म्हटलं, आत जाऊ या ना.
ते म्हणाले, अजून थोडा उजेड आहे,
एवढी ओळ होऊ दे.

मी वर पाहिलं. आभाळ नव्हतंच.
स्वयंपाकघराच्या खिडकीचा पिवळा तुकडा
तेवढा त्यांच्या तोंडावर.
ते माझ्याकडेच बघत होते,
माझ्यापासून हातभर डावीकडे.

तेव्हा कळलं. कळलं म्हणजे
पोटात एक पायरी चुकली.
‘हो, आहे,’ मी म्हणालो.

बस. बाकीचं सगळं नंतरचं.
तळं, तिचे केस, शेवटची बोट :
रेकॉर्ड कंपनीला तळं लागतं, केस लागतात.

सकाळी शाळेआधी कंदील घेऊन गेलो.
रास एका अंगाला कललेली, पोट सुटलेली,
मधल्या थरात कुत्र्याचं जेवणाचं भांडंही
नीट बसवलेलं.
मी सगळी उतरवली. पुन्हा लावली,
ते उठायच्या आत. भांडं धुऊन जागेवर.
हे कडवं गाण्यात नाही.

मग ते आले, कोट नुसता खांद्यावर टाकून.
या टोकापासून त्या टोकापर्यंत
तळवा फिरवला, सावकाश,
मी आता बटणांवरून फिरवतो तसा.
म्हणाले, बघ.
म्हणालो होतो ना मी.