बारा आणि तेरा

खणभागातल्या माझ्या दुकानात
आजवर देव आले, नवरा-नवरी आले,
दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुली आल्या,
आणि हार घालायचे असे तर पुष्कळ आले.
हार घालायचा असला की गिऱ्हाईक हळूच सांगतं,
खिळा जरा मोठा द्या, गनीभाई.

कोळेकरांची आश्लेषा आली
तेव्हा तिच्या काखेत बत्तीस कागद,
जुन्या साडीत गुंडाळलेले.
म्हणाली, कॉमिक आहे.
मी म्हटलं, पोरांचं?
म्हणाली, अण्णांचं.

कागद उलगडले.
मार्केट यार्ड, हळदीचे ढीग,
सगळं काळ्या शाईत. पिवळा एक थेंब नाही.
विचारलं तर म्हणाली,
सांगलीकराच्या नाकात असतोच की तो.

एका चित्रात रुमालाखाली दोन हात.
पूर्वी सौदा तसाच व्हायचा, बोटांनी,
तोंडातून आकडा सांडायचा नाही.
म्हणून तिच्या माणसांच्या डोक्यावर
बोलण्याचे फुगे नाहीत.
रुमाल तेवढा फुगलेला.

मी कडांचा माणूस.
मला चित्र कमी दिसतं, समास जास्त.
माउंट कापताना कागदाच्या कडेला
शिसपेन्सिलीतलं बारीक वाचलं :
‘काट्यावरचा अंगठा पुन्हा काढ.’
‘अण्णा इतके उंच नव्हते.’
‘इथं हसले होते का? काकीला विचार.’
ते सगळं माउंटखाली गेलं.
आता ते तिला ठाऊक, आणि मला.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये.
पंखे चार, फिरणारे दोन.
शिडीवर मी, खाली माझा भाचा सोहेल,
नंबर वाचून फ्रेम वर देणारा
आणि मधेच मोबाइलमध्ये जाणारा.
सहाला उद्‌घाटन, पावणेसहापर्यंत आमची ठोकाठोक.

लोक आले.
हमाल आले, इस्त्रीच्या शर्टात,
एकमेकांना ओळखायला वेळ लागला त्यांना.
एका म्हाताऱ्या अडत्यानं रुमालाच्या चित्राला
जवळजवळ नाक लावलं,
ओठातल्या ओठात आकडा मोजला
आणि म्हणाला, तोट्यात दिला गड्यानं.

सातच्या सुमाराला माझ्या ध्यानात आलं :
तेरा नंबर बाराच्या आधी लागलाय.

बारा : अण्णा उंबऱ्यात वाकलेले, हात चपलेला.
तेरा : तोच उंबरा. चप्पल नाही, माणूस नाही.
चौदा : नुसता स्टोव्ह, वर उकळता चहा,
भेटायला येणाऱ्यांसाठी.
यार्डात त्या दिवशी पोत्यांची थप्पी कोसळली,
ती तिनं काढलेलीच नाही.

आणि भिंतीवर आता असं :
आधी मोकळा उंबरा,
मग चपलेशी वाकलेले अण्णा,
मग चहा.

चप्पल घालताना आणि काढताना
माणूस सारखाच वाकतो.

एक पोरगा ओळीनं बघत आला,
भिंतीला बोट न लावता, हात मागे बांधून.
तेराशी थांबला, बाराशी थांबला,
आईला म्हणाला, आले बघ घरी.
आश्लेषा त्याच्या पाठीमागंच उभी होती.

मी जवळ जाऊन म्हटलं, चूक झाली.
गर्दी हटली की बदलतो, दोन मिनिटांचं काम.
ती बोलेना.
फिरत्या पंख्याचा वारा तिच्या बाजूला येत नव्हता,
तरी तिनं पदर सावरला.
मग म्हणाली, कधीपर्यंत आहे प्रदर्शन?
पत्रिका तिनंच छापलेली.
मी म्हटलं, रविवारपर्यंत.

राहू दे मग रविवारपर्यंत.

सोमवारी उतरवायला गेलो.
त्या दोन फ्रेमा एकत्र बांधल्या, काचेला काच,
मधे साडीची घडी, कडा घासू नयेत म्हणून.
सोहेल खिळे उपटून डबीत टाकत होता, मोठ्यानं मोजत.
बत्तीस भरले. सगळे लहान.
मोठा खिळा तिनं
एकालाही मागितला नव्हता.