दहा बाय सहा

सेनगावच्या बसस्टँडमागं माझं फ्लेक्सचं दुकान.
दुकान मामाचं, खरं तर.
माझी फक्त खुर्ची, आणि तिच्यावर बसलेला मी:
एम.ए. बी.एड., टीईटी पास,
तीनदा जाहीर झालेल्या भरतीची
तीनदा वाट बघितलेला.

पंचायत समितीचा हंगाम.
जुन्या फाईलीवर नवं नाव बसवायचं,
फोटोतला शर्ट पांढरा करायचा,
मिशा जरा भरायच्या,
'सर्वांगीण विकास' जिथल्या तिथं राहू द्यायचा.
तासाला चार उमेदवार निघत.

पंचफुला वाव्हळे आल्या भर दुपारी.
पंधरा वर्षं आशाताई, आता अपक्ष.
चिन्ह टॉर्च मागितलेलं, मिळाली कपबशी.
पिशवीतून लसीकरणाची वही काढली.
मागच्या पानांवर जाहीरनामा.

"लिही. दवाखाना."
मी टाइप केलं: सुसज्ज, अत्याधुनिक
"ते कामून? मी म्हणले का तसं?
लिही, उपकेंद्राला कुलूप आहे.
चावी पिठाच्या गिरणीत, खुंटीला.
गिरणी बंद, तर दवाखाना बंद.
निवडून आले तर चावी नर्सबाईच्या हातात.
तिला राहायला खोली.
खोलीला कडी, आतून लागणारी."
"आतून?"
"आतून. बाईमाणूस आहे ती."

"आता शाळा. वर्ग चार, मास्तर दोन.
तिसरीची लेकरं भिंतीकडं तोंड करून बसतात,
चौथीकडं पाठ.
सगळे एका दिशेला बसतात ते झेंड्याच्या दिवशी."
"डिजिटल शाळा टाकू?"
"टीव्ही आहे की. कपाटात,
सतरंजीत गुंडाळून, नवा कोरा.
तिसरा मास्तर टाक."

मास्तर या शब्दावर
माझं बोट जरा वेळ अडकून पडलं.
त्यांनी बघितलं. बोलल्या नाहीत.
वहीचं पान उलटलं.

"गरोदर बाया मोजायची सवय मला,
तशीच पोरं मोजली."
रांजणगाव, चाकण, वाळूज,
सात महिन्यांनी ब्रेक,
आठव्या महिन्यात पारावर मोबाईलमध्ये तोंड घालून.
एक्केचाळीस नावं, पुढं वय.
सत्ताविसाव्या ओळीत मी होतो.
'शिकलेला. फ्लेक्सवर. लग्न नाही.'
अक्षर मात्र सुंदर होतं बाईंचं.

"नोकरीपुढं काय टाकू? हजार? दोन हजार?
सकाळी एकानं पाच हजार टाकले."
त्या वर पंख्याकडं बघत राहिल्या.
पंखा माझ्या बी.एड.च्या आधीपासून
असाच एका कुशीवर फिरतोय.
"मला नोकऱ्या देता येत नाहीत, असं लिही."
"मावशी, असलं फ्लेक्सवर लिहीत नसतात."
"मग कुठं लिहितात?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.
"तालुक्यात किती जागा रिकाम्या आहेत,
ते दर महिन्याला विचारीन
आणि समितीच्या दारातल्या फळ्यावर लिहीन. खडूनं.
एवढं जमते मला. तेवढंच टाक."
"बसेना गेलं एवढं," मी म्हणालो,
"दहा बाय सहाच आहे."
"मग माझा फोटो बारीक कर."

केला. आधारकार्डावरच्याएवढा.
रात्री मशीन इकडून तिकडं सरकत राहिलं,
शाईचा उग्र वास, ओली अक्षरं,
कुलूप, कडी, भिंत, खडू.
सेव्ह करताना कॉम्प्युटरनं नाव विचारलं.
एरवी मी जुन्याच नावापुढं एक-दोन-तीन लावतो.
ह्या वेळी जुनं काही नव्हतं लावायला.

सकाळी तिच्या विरोधातल्याचा माणूस आला,
पाच हजारवाल्याचा.
वाळत घातलेला फ्लेक्स कमरेवर हात ठेवून वाचला,
एकदा हसला, मग पुन्हा वाचला,
गुटखा थुंकून आला.
"लोकं थांबून वाचतील बे हे.
असंच एक आमचं कर.
नाव तेवढं बदल."

मी नवीन पान उघडलं.
म्हणालो, सांगा.
तुमच्या गावात चावी कुणाकडं असते?